भरल्या घरातली माफी

बोईसर,
राखेच्या बुधवारनंतरचा पहिला रविवार

चि. बाळ,


परवाचं तुझं बोलणं डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो. फोनवर मला नीट बोलता येत नाही. तू पाळीच्या घाईत असतोस आणि माझं एक वाक्य पुरं होईतो तुझी तीन होतात. तुझ्या थोरल्या भावाचा विषय निघाला तेव्हा तू म्हणालास, "मामा, ते मिटलं. मी फादरकडे जाऊन पापनिवेदन केलं. आता माझ्या मनात काही नाही."

तुझ्या मनात काही नाही, हे मी मानतो. पण थोरल्याच्या मनात आहे. आणि माझ्या ताईच्या, तुझ्या आईच्या, तर ते चेहऱ्यावर दिसतं. दोन मुलगे एकाच मिस्साला येतात आणि दोन टोकांच्या बाकांवर बसतात, हे ती गेली दोन वर्षं बघते आहे.

काय झालं होतं ते तुला माहीत आहे, तरी एकदा लिहूनच ठेवतो. तुझ्या बाबांच्या महिन्याच्या मिस्सानंतर वसईच्या घरी ओसरीवर चाळीसेक माणसं जेवत होती. तू वाढत होतास. आणि वाढता वाढता सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललास, की बाबांच्या इस्पितळाला ह्याने दमडी दिली नाही. थोरला हातातला घास टाकून उठला. पुढे महिन्याभरात ताईला पेटीत पावत्या सापडल्या. तीनपैकी दोन बिलं त्यानेच भरली होती. हे तुला तेव्हाच कळलं होतं. बावखलाच्या तळ्याकडची जमिनीची पट्टी थोरल्याने तुला न विचारता विकली, हेही खरं आहे आणि ते त्याने चुकीचंच केलं. पण आज मी पत्र तुला लिहितो आहे, त्याला नाही.

संस्काराला मी कमी लेखत नाही. 1215 सालच्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावं असा नेम घालून दिला; मी दर महिन्याला जातो आणि दर वेळी हलका होऊन बाहेर येतो. देवाची क्षमा खरी आहे. पण आपल्या धर्मसभेची शिकवण तिथे थांबत नाही. पापक्षमेने पाप जातं, पापाने केलेली नासधूस आपोआप भरून येत नाही. चोरलेलं परत करायचं, ज्याचं नाव खराब केलं त्याचं नाव पुन्हा उजळायचं, हे आपल्याकडून व्हावं लागतं. तू आधीचा भाग केलास. नंतरचा राहिला.

हे मी कुठल्या तोंडाने सांगतो, ते आता सांगतो. घरात हे फक्त तुझ्या मामीला ठाऊक आहे.

1994 च्या पावसाळ्यात मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनाच्या कारखान्यात पाळीचा प्रमुख होतो. रात्रपाळी होती. रिअ‍ॅक्टरचं तापमान एका आकड्याला पोचलं की थंड पाण्याचा व्हॉल्व्ह उघडायचा. ते काम माझं होतं. मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा बॅच काळी पडली होती. कुणाला इजा झाली नाही, एवढी देवाची कृपा. मग मी लॉगबुक पुढे ओढलं आणि लिहिलं, की हेल्परला व्हॉल्व्ह उघडायला सांगितलं होतं, त्याने उघडला नाही. हेल्पर ठेकेदाराचा माणूस, पालघरच्या पूर्वेकडच्या एका पाड्यावरचा. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. आपल्याबद्दल काय लिहिलंय हे त्याला कळलंही नाही. दुसऱ्या दिवशी गेटवरच त्याला सांगण्यात आलं की उद्यापासून येऊ नकोस.

मी पापनिवेदन केलं. एकदा नव्हे, तीन वर्षांत बऱ्याचदा, तेच पाप, वेगवेगळ्या फादरांकडे. प्रत्येक वेळी "खोटं बोललो" एवढंच म्हणायचो. शेवटी एका म्हाताऱ्या फादरांनी विचारलं, "कुणाबद्दल?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मग त्या माणसाचं काय झालं?" मला माहीत नव्हतं. तीन वर्षांत मी ते एकदाही विचारलं नव्हतं. माझ्या पश्चात्तापात तो माणूसच कुठे नव्हता. होतो तो मी आणि माझी बेचैनी.

पुढच्या रविवारी मनोरच्या बाजूला जाणारी एसटी धरली आणि विचारत विचारत त्याच्या पाड्यावर गेलो. तो घराच्या कुडाला शेणमाती लावत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. त्याने हात धुतले, ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "साहेब, शंभरावर हजेऱ्या बुडाल्या. मग भिवंडीला वीटभट्टीवर गेलो सगळे. पोरीची शाळा तिथंच सुटली." एवढंच. रागावला नाही, रडला नाही, आणि "जाऊ द्या साहेब" असंही म्हणाला नाही.

बुडालेल्या हजेऱ्यांचे पैसे मी दोन हप्त्यांत नेऊन दिले. त्याने मोजून घेतले. कारखान्याला लेखी दिलं की चूक माझी होती. त्याबद्दल मला शिक्षा मिळाली, ती मिळायलाच हवी होती. मुलीची शाळा मात्र मला परत करता आली नाही. पाचवीतून सुटलेली मुलगी तीन वर्षांनी शाळेत जात नाही. त्या माणसाने मला क्षमा केली की नाही, हे मला आजही माहीत नाही. तो आता हयात नाही. ती त्याची क्षमा होती. द्यायची की नाही हे त्याच्या हातात होतं, मागून वसूल करण्याजोगी गोष्ट नव्हे ती. माझ्या हातात त्याच्या दारापर्यंत चालत जाणं होतं, आणि त्यालाही मी तीन वर्षं लावली.

तेव्हापासून मी प्रभूचा घात करणाऱ्या यहुदाची गोष्ट वेगळी वाचतो. यहुदालाही पश्चात्ताप झाला होता, हे आपण विसरतो. मत्तयने ते स्पष्ट लिहिलं आहे. त्याने ती तीस नाणीसुद्धा परत नेली. पण नेली कुणाकडे? ज्यांनी सौदा केला त्या याजकांकडे. ज्याचा घात केला त्याच्याकडे तो गेला नाही. पेत्राचं पाप काही लहान नव्हतं. प्रमुख याजकाच्या अंगणात, कोळशाच्या शेकोटीपाशी, तीनदा त्याने प्रभूची ओळख नाकारली. पण पुढे गालीलच्या किनाऱ्यावर प्रभू आहे हे कळताच त्याने होडीतून पाण्यात उडी टाकली आणि थेट त्याच्याकडे गेला. तिथेही कोळशाची शेकोटी पेटलेली होती आणि तिच्यावर मासे भाजत होते. योहानाच्या शुभवर्तमानात शेकोटी या दोनच ठिकाणी येते. तिथे बसवून प्रभूने त्याला तीनदा विचारलं, माझ्यावर प्रेम आहे का? जितक्या वेळा नाकारलं तितक्या वेळा, आणि सोबत्यांच्या देखत. पेत्राला तिसऱ्या वेळी वाईट वाटलं, पण ते प्रभूने टाळलं नाही.

आपला मराठी शब्दही जरा फसवतो. पश्चात्ताप म्हणजे मागाहून होणारा ताप. ताप तर माझ्याही अंगात तीन वर्षं होता. शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीक शब्दात ताप नाही, मन पालटण्याचा अर्थ आहे. आणि जुन्या करारातला हिब्रू शब्द तर सरळ 'परत फिरणं' असा आहे. पायांनी करायची गोष्ट आहे ती. जकातदार जक्कय बघ. प्रभू घरी आल्यावर तो ढसढसा रडला असं लूकने कुठे लिहिलेलं नाही. त्याने हिशेब मांडला. निम्मी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट.

आता दुसरी बाजू, कारण तू म्हणशील, की पट्टी त्याने विकली, त्याची क्षमा मीच करायची का? हो, करायची. पण ती लहान गोष्ट आहे असं मी म्हणणार नाही. दहा हजार तालांताचं कर्ज माफ झालेल्या त्या चाकराची गोष्ट तुला लहानपणापासून पाठ आहे. तिचा हिशेब कधी केलास? एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार. म्हणजे मालकाने सोडलं ते सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं कर्ज. ते फेडायला दीड लाखाहून जास्त वर्षं लागली असती. आणि त्या चाकराला त्याच्या सोबत्याकडून येणं होतं शंभर दिनार. प्रवचनात हे शंभर दिनार किरकोळ म्हणून सांगतात. मला ते तसं सांगवत नाही. शंभर दिवसांची मजुरी म्हणजे काय, ते मी त्या पाड्यावर बघून आलो. आपल्यावर झालेला अन्याय खराच असतो. प्रभूने तो शून्य धरला नाही. तो शंभर धरूनच सोडायला सांगितला आहे.

आणि सोडणं म्हणजे झाकणं नव्हे. सिस्टर राणी मारिया यांचं नाव तू ऐकलं असशील. मध्य प्रदेशात गरीब शेतमजुरांना सावकारीतून सोडवायला त्या झटत होत्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये समंदरसिंग नावाच्या तरुणाने त्यांना चाकूने भोसकून मारलं. त्याला जन्मठेप झाली. 2002 साली राखीपौर्णिमेच्या सुमारास त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि त्याला राखी बांधून आली. पुढे राणी मारियांच्या घरच्यांनीच त्याच्या सुटकेसाठी खटपट केली आणि 2006 साली तो सुटला. 2017 च्या नोव्हेंबरात इंदूरला सिस्टरना धन्य घोषित केलं गेलं. यात एक गोष्ट नीट बघ. खटला चालला, शिक्षा झाली, अकरा वर्षं तो आत होता. सेल्मी सिस्टरनी कोर्टात जाऊन काही घडलंच नाही असं सांगितलं नाही. त्यांनी त्याला भाऊ म्हटलं, निर्दोष म्हटलं नाही. म्हणून क्षमेच्या नावाखाली कुणी मार खाणाऱ्या बाईला गप्प बसायला सांगत असेल, कुणी लेकराला छळणाऱ्यावर पांघरूण घालत असेल, तर तिथे ताठ उभा राहा. ती ख्रिस्ताची क्षमा नव्हे.

आणखी एक, रोजच्या जगण्याबद्दल. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडात झाला. पण त्यांनीच पुढे लिहून ठेवलं, की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी बरीच वर्षं लागली. एवढ्या विदुषीने हे कबूल केलं. एकदा केलेलं पापनिवेदन आयुष्यभर पुरेल, असं आपण कसं धरून चालायचं? तू पाळीवर काम करतोस, तुला हे सोपं जाईल. पाळी बदलताना तू पुढच्याला सांगतोस ना, की हा पंप गळतो, तो मीटर चुकीचा दाखवतो? लपवलंस तर पुढचा माणूस मरेल. रात्री झोपण्यापूर्वी देवापुढे तेवढंच करायचं. आज कुठे गळती झाली, कुणावर उगाच ओरडलो, कुणाचं श्रेय स्वतःकडे घेतलं. आणि सकाळी उठून त्या माणसाला गाठायचं, गोष्ट लहान असतानाच.

तू सांडपाण्याच्या विभागात आहेस म्हणून हेही लिहितो. 2018 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक वसाहतींची पाहणी केली, तेव्हा प्रदूषणात तारापूरचा पहिला नंबर आला. नवापूरच्या समुद्रात आणि मुरब्याच्या खाडीत काय जातं, ते तिथल्या कोळ्यांच्या जाळ्यात दिसतं. उद्या तुझ्यापुढे कुणी नोंदवही सरकवेल आणि आकडा थोडा कमी लिही म्हणेल. तेव्हा माझं ते 1994 चं लॉगबुक आठव. त्या शाईच्या एका ओळीने एका मुलीची शाळा गेली.

आता तुझ्या कामाचं. तू बोललास भरल्या घरात, तेव्हा माफीही भरल्या घरात मागायची. बाबांचं दरवर्षीचं मिस्सा येत्या रविवारी आहे, सगळे जमतील. जेवणं सुरू होण्याआधी उभा राहा आणि दोन वाक्यं बोल: बिलं याने भरली होती, मी खोटं बोललो. पट्टीचा विषय त्या दिवशी काढू नकोस. त्याने तुला जवळ घ्यावं अशी आशा धरू नकोस. न घेतलं तर पानावर बसून जेव, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच्या घरी जा.

शनिवारी तुझी दुसरी पाळी आहे, रात्र होईल. रविवारी पहाटे मी बोईसर स्टेशनवर तिकीटखिडकीपाशी उभा असेन. दोघांची तिकिटं मी काढून ठेवतो. तू फक्त ये.

तुझा,
मामा