थांबावे की पैसे मोजावे? : एका मोतीबिंदूचे अर्थशास्त्र

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

दुर्मिळ वस्तूची वाटणी किमतीने होते, हे आपण अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षी शिकतो. पण जिथे किंमत आकारली जात नाही तिथे वाटणी कशाने होते? तिथे ती रांगेने होते. सरकारी रुग्णालयातील तज्ज्ञ डॉक्टर ही अशीच एक दुर्मिळ वस्तू आहे. पुस्तकात हा मुद्दा मी दोन ओळींत वाचला होता. गेल्या वर्षी आमच्या घरी तो आत्याच्या डोळ्यांच्या रूपाने आला आणि दोन महिने मुक्कामाला राहिला.

आत्याला उजव्या डोळ्याने धूसर दिसू लागले होते. ‘मोतीबिंदू आहे, पिकला की काढू,’ असे गावातले सगळेच म्हणत होते. शेवटी खुरपताना रोप कोणते आणि तण कोणते हे कळेनासे झाले, तेव्हा दादा तिला जिल्ह्याला सिव्हिलमध्ये घेऊन गेला. सकाळी केसपेपर काढला, दुपारी नंबर लागला. मोतीबिंदू ठरला. शस्त्रक्रियेची तारीख दहा आठवड्यांनंतरची मिळाली आणि बाकीच्या तपासण्या पुढच्या फेरीला करू, असे सांगण्यात आले. त्याच आठवड्यात एका खासगी रुग्णालयात चौकशी केली. तिथे परवाच करून टाकू म्हणाले. भिंगांचे प्रकार दाखवले, आणि सगळे मिळून आकडा सांगितला ३८,००० रुपये.

रात्री घरात बैठक बसली. दादाचे म्हणणे, ‘आईच्या पाटल्या कधी कामाला यायच्या?’ वडिलांचे म्हणणे, फुकट होत असताना पाटल्या मोडणे हा शुद्ध वेडेपणा. आत्या म्हणाली, ‘अरे, माझ्या डोळ्यावरनं भांडू नका, मला एका डोळ्यानं दिसतंय की.’ तिचे हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी, म्हणून हिशेबाचे काम माझ्याकडे आले. वडील ‘फुकट’ म्हणत होते ते काही फुकट नव्हते. सिव्हिलच्या एकूण पाच फेऱ्या होणार होत्या. प्रत्येक फेरीला आत्याची ३५० रुपये आणि दादाची ५०० रुपये मजुरी बुडणार. एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, तरी दोघांचे जाऊन-येऊन २४० रुपये. म्हणजे फेरीला १,०९०, आणि पाच फेऱ्यांचे ५,४५०. यालाच आपल्या क्रमिक पुस्तकात संधी खर्च म्हणतात. रांगेची खरी किंमत ही, आणि ती सर्वांना सारखी पडत नाही. निवृत्त शिक्षकाला दिवसभर बाकावर बसणे परवडते, रोजंदारीच्या बाईला परवडत नाही. रांग गरिबांसाठी असते, असे म्हणणाऱ्यांनी एकदा तिच्यात उभे राहून पाहावे.

पण खासगीकडेही दोन फेऱ्या होत्याच. तो खर्च धरून ४०,१८० रुपये होत होते. म्हणजे बुडालेली मजुरी मोजूनही फरक ३४,७३० रुपयांचा. हा अनुभव आमच्या एकट्या घरचा नाही. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत, बाळंतपणे वगळता, रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खासगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये आढळला होता. सगळ्या आजारांची ही सरासरी आहे, आणि तिच्यात बुडालेली मजुरी नाही. तरी अंतर केवढे आहे ते कळते.

तेव्हा हिशेबाने वडील जिंकले. हिशेबाचा कागद घेऊन मी आमच्या सरांकडे गेलो. त्यांनी तो पाहिला आणि विचारले, ‘या दहा आठवड्यांत डोळ्याचे काय होईल, हा रकाना कुठे आहे?’ तो रकाना मी केलाच नव्हता. आणि तो भरायचा तर आजार कोणता, हे नक्की माहीत हवे.

मोतीबिंदूत डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम भिंग बसवले की, बाकीचा डोळा निरोगी असेल तर, गेलेली दृष्टी परत येते. असे भिंग लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली पहिल्यांदा बसवले. आजच्या पद्धतीत मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहावी लागत नाही. उलट फार पिकू दिला तर डोळ्यातील दाब वाढू शकतो. तरी साधारणपणे काही आठवड्यांच्या विलंबाने कायमचे नुकसान होत नाही. काचबिंदूचे तसे नाही. त्यात दृष्टीची नस हळूहळू निकामी होते, बहुधा दुखत नाही, आधी कडेचे दिसणे जाते आणि रोग्याला ते कळतही नाही. गेलेली दृष्टी कोणत्याही पैशाने परत मिळत नाही. (डोळा लाल होऊन तीव्र वेदना, डोकेदुखी, उलट्या असा एकाएकी येणारा प्रकारही आहे. तिथे तारखेचा प्रश्नच नाही, तासांचा असतो. जवळ जे रुग्णालय असेल ते गाठावे.) म्हणजे दोन रोग, नावे जुळी, आणि थांबण्याची किंमत मात्र अगदी निराळी.

केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात वैद्यकीय सेवेच्या बाजाराचे हेच वेगळेपण दाखवले आहे. इथे काय विकत घ्यायचे हे ग्राहकाला ठाऊक नसते. ते सांगणारा आणि विकणारा बहुधा एकच असतो. भिंगाची निवड करायला आम्हांला सांगितले गेले, पण शस्त्रक्रिया या आठवड्यात का हवी, हे कोणी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

सरांच्या ओळखीचे एक वृद्ध नेत्रतज्ज्ञ आहेत. त्यांनी शस्त्रक्रिया करणे सोडले आहे, सकाळी दोन तास फक्त तपासतात. तपासणी फी ३०० रुपये. वडील म्हणाले, ‘नुसत्या सल्ल्याचे तीनशे?’ आपल्याकडे सुईचे पैसे देताना कोणी कुरकुरत नाही, सल्ल्याचे देताना मात्र जीव जातो. असो. डॉक्टरांनी उजवा डोळा पाहिला आणि म्हणाले, ‘हा थांबेल, सिव्हिलची तारीख सोडू नका.’ मग त्यांनी दोन्ही डोळ्यांचा दाब मोजला आणि डाव्या डोळ्याची नस बराच वेळ न्याहाळली. ज्या डोळ्यावर आत्याची भिस्त होती, त्यात काचबिंदूची सुरुवात झालेली होती. त्याच दिवसापासून थेंब सुरू झाले.

यावरून मला असे वाटू लागले आहे की ‘सरकारी की खासगी’ हा प्रश्नच आपण चुकीच्या जागी विचारतो. निदान आणि उपचार यांना निरनिराळ्या रांगा आहेत. निदानाची रांग थोडे पैसे मोजून चुकवता आली तर चुकवावी. उपचाराची रांग किती धोक्याची आहे, हे निदानानंतरच कळते. सगळीच निदाने तीनशे रुपयांत होत नाहीत, हे मला मान्य आहे. गाठीचा तुकडा तपासणे किंवा एमआरआय काढणे याचा खर्च पेलणारी घरे आमच्या गावात मोजकीच निघतील. त्यांच्यासाठी धर्मादाय रुग्णालयांचा मार्ग आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार तिथे १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीने द्यायच्या असतात. पण त्यासाठी दाखले जमवायचे म्हणजे पुन्हा फेऱ्या आल्याच.

पैसे देता येत नाहीत म्हणून कोणी उपचाराविना राहू नये, असे भोर समितीने १९४६ मध्येच सांगून ठेवले होते. इंग्लंडमध्ये १९४८ पासून सर्वांना मोफत सेवा आहे आणि लांब याद्याही आहेत. १८ आठवड्यांत उपचार सुरू करण्याचे तिथले उद्दिष्ट २०१६ नंतर अनेक वर्षे पुरे झाले नाही. पण कर्करोगाचा संशय असलेल्यांची मुदत तिथे वेगळी मोजतात. रांग असणे अटळ असेल, तर ती कोण आधी आले यापेक्षा कोणाचे काय बुडते आहे यावर लावावी लागते. आपल्या ग्रामीण रुग्णालयात डोळ्याचा दाब त्याच दिवशी मोजला गेला, तर शस्त्रक्रियेची तारीख दहा आठवड्यांची असली तरी मी तक्रार करणार नाही.

आत्याचा उजवा डोळा ठरल्या तारखेला सिव्हिलमध्ये झाला, भिंगासकट मोफत, आणि चांगला झाला. डाव्या डोळ्यातले थेंब आता जन्मभर आहेत. त्यांचा खर्च माझ्या पहिल्या कागदावर नव्हता. दादाने तो आता घरच्या वहीत किराण्याच्या खाली लिहायला सुरुवात केली आहे.