शोला व गवताळ माथे

मराठी वाचकाच्या मनातील सह्याद्री बहुधा बेसाल्टच्या कातळकड्यांचा असतो. वस्तुतः तापीपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १६०० किलोमीटर पसरलेल्या या रांगेचा दक्षिण भाग त्याहून कितीतरी प्राचीन अशा रूपांतरित खडकांचा आहे. पालघाटची खिंड त्यास दुभंगते : उत्तरेस निलगिरी, दक्षिणेस अनैमलई व २६९५ मीटर उंचीचे आनैमुडी शिखर.

या उंच माथ्यांवर एक विलक्षण रचना आढळते. ओढ्यांच्या घळींत ठेंगण्या सदाहरित वृक्षांची दाट राई, म्हणजेच शोला. आणि तिच्या कडेस, जणू रेघ ओढावी तसे, मोकळे गवत. उघड्या उतारांवर हिवाळ्यात दव गोठून कोवळी रोपे करपतात, हे याचे एक कारण मानले जाते; वणवे व चराई यांचा वाटा किती, याविषयी मतभेद आहेत. मात्र निलगिरीतील पीटच्या थरांतील कार्बनच्या अभ्यासाने हे गवत हजारो वर्षांपूर्वीपासूनचे असल्याचे दाखविले. जंगलतोडीतून ते उद्भवले, हे मत त्यामुळे टिकत नाही.

तथापि एकोणिसाव्या शतकापासून या माथ्यांना पडीक लेखून तेथे वॅटल व युकॅलिप्टस लावण्यात आले. (ज्यास आपण ‘निलगिरी’ म्हणतो, तो हा वृक्ष मूळचा ऑस्ट्रेलियाचा!) परिणामी निलगिरी ताहर या रानशेळीवर्गीय प्राण्याचे चराऊ क्षेत्र आक्रसले, बारा वर्षांनी फुलणाऱ्या नीलकुरिंजीचेही तेच झाले. वॅटल तोडली तरी तिचे बी मातीत दीर्घकाळ तग धरते आणि पुन्हा रुजते.