अडले कुठे, ते आधी शोधा

ऊस उत्पादक सभासद बंधू-भगिनींनो,

आपल्या मुळा धरणाची साठवण २६ टी.एम.सी. आहे. पण कालवा तुडुंब वाहत असला तरी चारीची मोरी जेवढी, तेवढेच पाणी आपल्या सरीत येते. वरून पाणी वाढवून भागत नाही, मोरी मोकळी करावी लागते. तोडणी, वाहतूक आणि गाळप यांचेही असेच आहे. इस्रायलचे भौतिकशास्त्रज्ञ एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८४ साली ‘द गोल’ या पुस्तकात कारखान्यांच्या कामाबद्दल हाच विचार मांडला. सगळ्या कामाचा वेग त्यातल्या सर्वांत अरुंद जागेइतकाच राहतो.

हंगामात एक मागणी नेहमी कानावर येते, “साहेब, आमच्या गटात कोयते वाढवा.” आता हिशेब करून पाहू. समजा, रोजचे गाळप २,५०० टन आहे आणि तोड झाली ३,००० टन. म्हणजे रोज ५०० टन ऊस मागे राहिला. चार दिवसांत २,००० टन साचला. पाचव्या दिवशी आलेल्या गाडीचा नंबर लागायला सुमारे १९ तास जातात आणि गाळप तर एक टनानेही वाढलेले नसते!

तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला जावा. पुढे तो वाळतो, वजन घटते, साखरही घटते. वजनातला तोटा ज्याचा त्याचा; पण उतारा पडला तर तोटा सर्वांचा, कारण उसाचा दर कारखान्याच्या उताऱ्याशी जोडलेला आहे.

म्हणून ऊस कुठे साचतो, ते पाहावे.

१) यार्डात गाड्यांची रांग असेल, तर अडचण गाळपाची. अशा वेळी तोड आवरावी आणि साफ ऊस पाठवावा. गव्हाणीत पाचट, वाढे, माती गेली की तेवढे गाळप वाया गेलेच.

२) यार्ड रिकामे आणि फडात मोळ्या पडून, तर अडचण वाहतुकीची. पुष्कळदा गाडी फडापासून सडकेपर्यंतच रुतते. तोडीआधी दहा-पंधरा दिवस पाणी बंद करा, वाट नीट करून ठेवा.

३) यार्डही रिकामे, फडातही मोळी नाही, तर अडचण तोडीची. कोयते वाढवायची वेळ ही. ऊन वाढून टोळ्या घरी परतू लागल्या की असे होते.

एक अडचण सुटली की दुसरी पुढे येते. तेव्हा हे पाहणे रोजचे आहे.

शेवटी एकच विनंती. चिठ्ठीशिवाय तोड करू नका. मोरी तेवढीच असताना शेजाऱ्याची पाळी मोडली, तर वाफा एकाचा भिजतो आणि पीक दुसऱ्याचे वाळते. उसाच्या पाळीचेही तेच आहे.

— ऊस विकास अधिकारी