थकवा मोजावा कसा?

ताप आला की आपण थर्मामीटर लावतो. थकव्याला तसे साधन हाताशी नाही, म्हणून थकलेल्याचे म्हणणे खरे मानावे की नाही हे ऐकणाऱ्याच्या मर्जीवर राहते. कारखान्यात त्याला कामचुकार म्हणतात, घरी आळशी, आणि मंडळीत कधी कधी विश्वासात थंड पडलेला! म्हणून थकवा मोजण्याचे प्रयत्न कसे झाले हे आपण पाहू.

इटलीतील तुरीन येथील शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी एर्गोग्राफ नावाचे यंत्र तयार केले. हात बांधून मधल्या बोटाने दोरीचे वजन पुन्हा पुन्हा उचलावयाचे. दर खेपेची रेघ कागदावर उमटे आणि हळूहळू आखूड होत जाई. त्यांच्या एका सहकारी प्राध्यापकाचे बोट विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेतल्यानंतर नेहमीपेक्षा फार लवकर दमले. संडे स्कूलच्या शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे. केवळ डोक्याच्या कामानेही हात थकतो. मोस्सो यांचा थकव्यावरील ग्रंथ 1891 साली निघाला.

त्याच सुमारास मुंबईचे गिरणीकामगार यंत्रावाचून हेच सांगत होते. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला सभा भरविली. रविवारी पूर्ण सुट्टी व दुपारी अर्धा तास विसावा या मागण्यांच्या अर्जावर सुमारे 5,500 कामगारांनी सह्या केल्या. सुट्टी मिळाली ती 10 जून 1890 रोजी. आपल्याला उपासनेसाठी आयता मिळालेला रविवार त्यांना झगडून मिळवावा लागला.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत असे आढळले की, फार लांबलेले तास कमी केले तरी माल कमी निघत नाही. काही ठिकाणी तो वाढलाच. हे मोजमाप उपयोगी खरे, पण ते मालाचे. जीव काढून माल पुरा करणारा माणूस त्यात थकलेला दिसतच नाही. त्यासाठी लूसियन ब्रूहा यांनी नाडीचा आधार घेतला. काम थांबवून कामगाराला बसवावे आणि पहिल्या व तिसऱ्या मिनिटाच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात नाडीचे ठोके मोजून दुप्पट करावेत. पहिला आकडा 110 च्या आत असेल आणि तिसऱ्या मिनिटापर्यंत निदान 10 ने उतरत असेल, तर दिवसभरात हृदयावर ताण साठत नाही असे समजतात. घड्याळाखेरीज यास काही लागत नाही.

रोग्याचे मात्र निराळे. तो काम न करताही थकतो, आणि विसाव्यानेही त्याचा शीण जात नाही. म्हणून येथे त्यालाच विचारावे लागते. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या एका मापनात नऊ विधाने आहेत. प्रत्येकाला रोगी 1 ते 7 पैकी आकडा देतो. थकव्यामुळे घरकाम, नोकरी, माणसांत मिसळणे किती अडते, असा त्यांचा रोख असतो. सोप्या पद्धतीत 0 म्हणजे मुळीच थकवा नाही आणि 10 म्हणजे कल्पनेतला सर्वांत मोठा थकवा, एवढेच सांगावयाचे.

आता अडचण भाषेची. ग्वाल्हेरच्या दौलतगंजात मराठी घरे पिढ्यान् पिढ्या आहेत. तेथील आजी घरी म्हणते, "गळून गेल्यासारखं होतं." दवाखान्यात हिंदी बोलावे लागते, तेथे ती "कमजोरी है" एवढेच सांगते आणि टॉनिकची बाटली घेऊन परतते. आपल्याकडे दमणे, शिणणे, गळून जाणे आणि कंटाळणे हे एक नव्हे. जिना चढून दमणारी आणि सकाळी उठल्यापासून गळालेली, या दोघींची दुखणी वेगळी असू शकतात. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. तेव्हा सुनेला आळशी म्हणण्याआधी तिचे हिमोग्लोबिन तपासलेले बरे. थायरॉईड, मधुमेह, क्षय यांतही थकवा येतो.

1 राजे 19 मध्ये एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो आणि मग निजतो. दूत त्याला दोनदा उठवून खाऊ घालतो, मध्ये पुन्हा झोपू देतो. तू येथे काय करतोस, हा प्रश्न फार पुढे, डोंगरावर येतो. वर्गात हा भाग शिकविताना हा क्रम मुलांना दाखवावा.

आजाऱ्यांच्या भेटीस जाणाऱ्यांनी एक वही ठेवण्यास हरकत नाही. आठवडाभर रोज ठराविक वेळी रोग्याने सांगितलेला 0 ते 10 मधला आकडा, झोप कशी झाली, आणि कोणते काम अर्धवट सोडावे लागले, हे त्याच्याच शब्दांत लिहावे. आकडा आपण सुचवू नये. वही डॉक्टरांकडे जाताना बरोबर द्यावी.