गांडूळ वावरांत कां येत नाहीं?

पावसाळ्यांत बांधावर किंवा झाडाच्या सावलींत मातीच्या बारीक गोळ्यांचे लहान लहान ढीग दिसतात. ती गांडुळांची विष्ठा होय. बांधावर दिसणारे हे ढीग शेजारच्याच वावरांत पुष्कळदां दिसत नाहींत. असें कां व्हावें, ह्याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गांडुळास डोळे, कान व दांत नाहींत. तें आपल्या ओलसर कातडीनेंच श्वास घेतें. म्हणून कातडी सुकली कीं तें मरतें. उन्हाळ्यांत तें खोल जाऊन वेटोळें करून पडून राहतें. कुजका पाला तें मातीसह गिळतें, व पोटांतील पेषणींत वाळूच्या कणांच्या साहाय्यानें त्याचें दळण होतें. ह्या विष्ठेंत पिकांस सहज घेतां येणारीं अन्नद्रव्यें भोंवतालच्या मातीहून अधिक असतात. शिवाय त्याच्या बिळांतून पाणी मुरतें, हवा खेळते व मुळांस वाट मिळते. इंग्लंडांतील पुष्कळ भागांत गांडुळें दर एकरीं दरसाल १० टनांहून अधिक कोरडी माती आपल्या पोटांतून काढितात, असा हिशेब चार्ल्स डार्विन ह्या शास्त्रज्ञानें १८८१ सालीं प्रसिद्ध केला.

हें वाचून कित्येकांस गांडुळें विकत आणून शेतांत सोडण्याचा मोह होईल. परंतु गांडूळखतासाठीं वापरण्यांत येणारी ‘आयसेनिया फेटिडा’ ही जात शेणाच्या व कुजणाऱ्या पाल्याच्या राशींत राहणारी आहे. नुसत्या मातींत तिचा निभाव लागत नाहीं. तिनें केलेलें खत शेतांत अवश्य घालावें. तिला मात्र खड्ड्यांतच राहूं द्यावें. जमिनींत खोल बिळें करणारीं गांडुळें निराळीं. तीं बांधाशीं असतातच. वावरांत त्यांस अन्न व आसरा मिळाला म्हणजे तीं आपण होऊन पसरतात.

आतां वावर कसें असतें तें पाहूं. रान स्वच्छ दिसावें म्हणून आपण उसाचें पाचट जाळितों; त्याबरोबर गांडुळाचें अन्न व पांघरूण दोन्हीं जातात. वारंवार नांगरल्यानें बिळें मोडतात. द्राक्षबागेंत वर्षानुवर्षें फवारलेलें तांबें मातींत सांचून गांडुळांस बाधतें. तेव्हां पाचट सरींत पसरावें, शेणखत घालावें, नांगरट गरजेपुरतीच करावी व औषध मोजून वापरावें. हें एका हंगामाचें काम नव्हे, हें आम्ही प्रथमच सांगून ठेवितों.

जमीन सुधारत आहे कीं नाहीं हें पाहण्यास कुदळीखेरीज कांहीं लागत नाहीं. चांगला पाऊस होऊन वाफसा आला म्हणजे वावरांत एक व बांधाशीं एक, असे फूटभर लांब, रुंद व खोल खड्डे घ्यावे. दोहोंतील गांडुळें मोजून आंकडे वहींत टिपावे, व माती पुन्हा खड्ड्यांत लोटावी. पुढील सालीं त्याच सुमारास त्याच जागीं पुन्हा मोजावें. वावराचा आंकडा बांधाच्या आंकड्याजवळ येऊं लागला, तर आपली वाट बरोबर आहे असें समजावें.