मलिनतावाचक इंग्रजी शब्द : एक अभ्यास

इंग्रजी निबंधाच्या वह्या तपासताना एक वाक्य आम्हांस वरचेवर भेटते. 'शेतकरी मातीत बी पेरतो' एवढेच सांगावयाचे असते. परंतु माती या शब्दासाठी कोणी 'डर्ट' लिहितो, कोणी 'मड', तर एखादा 'डस्ट'. विद्यार्थ्याने आळस केलेला नसतो. त्याने कोश उघडलेला असतो, आणि कोशात हे शब्द शेजारी शेजारी बसलेले असतात. शेजारी बसणारी माणसे जशी एकाच घरची असतात असे नाही, तद्वत हे शब्दही एकाच अर्थाचे नाहीत. काही शब्द केवळ पदार्थाचे नाव सांगतात, काही त्या पदार्थाविषयी बोलणाऱ्याचे मत सांगतात. हा भेद एकदा ध्यानी आला की निम्मा गोंधळ सरतो.

प्रथम पदार्थवाचक शब्द पाहू. 'डस्ट' म्हणजे जे कोरडे, बारीक आणि वाऱ्याने उडण्याजोगे आहे ते. ते मातीचेच असले पाहिजे असा नियम नाही. फळा पुसताना उडणारी खडूची पूड ही डस्ट, करवतीखाली पडणारा लाकडाचा भुसा हीही डस्ट, आणि सोनाराच्या दुकानातील सोन्याचा कणही डस्टच. आम्ही धूळ, पूड, भुसा असे तीन शब्द योजतो तेथे इंग्रजाचे एका शब्दात भागते. 'मड' म्हणजे पाणी मिसळलेली माती, आपला चिखल. पाय रुतून बसावा असा खोल चिखल असेल तर 'मायर' म्हणतात. नदीच्या तळाशी साचलेल्या गाळाला 'सिल्ट' हे नाव आहे. या शब्दांत निंदा नाही. आपल्या गोव्यात माशेल येथे देवकीकृष्णाच्या देवळापुढील मैदानात आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकाला होतो. थोर माणसे आणि पोरे अंगाला तेल चोळून त्या चिखलात लोळतात, खेळतात. त्याचे वर्णन इंग्रजीत करताना 'मड' हाच शब्द हवा. तेथे कोणी 'डर्ट' लिहिले तर शब्दाची चूक एका अक्षराचीही दिसणार नाही, पण देवाच्या अंगणातील खेळाला त्याने घाणीत लोळणे म्हटल्यासारखे होईल.

'सॉइल' हा तर आदराचा शब्द. जिच्यात बी रुजते ती माती, शेतकऱ्याची माती, ती सॉइल. जन्मभूमीलाही याच शब्दाने संबोधितात. 'शेतकरी मातीत बी पेरतो' या वाक्यात तोच योग्य. गंमत अशी की हाच शब्द क्रियापद म्हणून आला की त्याचा अर्थ मळविणे असा होतो. बँकेत 'सॉइल्ड' नोटा म्हणतात त्या मळक्या नोटा. त्यांचा शेतमातीशी काही संबंध नाही. हे दोन शब्द दिसावयास जुळे असले तरी भावंडे नव्हेत. भूमिवाचक सॉइलचे नाते लॅटिनमधील जमीन दर्शविणाऱ्या शब्दाशी जोडतात. मळविणे या अर्थाचा सॉइल जुन्या फ्रेंचमधून आला, आणि त्याचे मूळ डुकराच्या लॅटिन नावापर्यंत नेतात. दोघे चालत चालत एका उच्चाराला येऊन पोहोचले, इतकेच.

आता 'डर्ट'. हा शब्द उत्तरेकडील जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला आणि त्याचा मूळ अर्थ विष्ठा असा होता. आरंभी त्याचा उच्चार 'ड्रिट' असा होता. पुढे मधली अक्षरे एकमेकांची जागा घेऊन बसली. आज तो अर्थ निवळला आहे, तरी नकोसेपणाची छटा राहिली आहे. मेरी डग्लस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1966 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एक जुनीच व्याख्या पुढे करून असे प्रतिपादिले की, डर्ट म्हणजे भलत्या जागी असलेली वस्तू. हा विचार आम्हांस फार मार्मिक वाटतो. डोक्यावरील केसांना आपण तेल लावून विंचरतो; तोच केस भाताच्या ताटात दिसला की जेवण उठते. केस बदललेला नाही, जागा बदलली. शेतात असते ती सॉइल. तीच माती बुटांबरोबर दिवाणखान्यात आली की डर्ट.

मात्र अमेरिकेत हा शब्द साध्या मातीसाठीही सर्रास वापरतात. तेथील गोष्टींत 'डर्ट रोड' भेटेल. त्याचे भाषांतर 'घाणेरडा रस्ता' असे करणारे विद्यार्थी प्रतिवर्षी निघतात! तो बिचारा डांबर न घातलेला मातीचा रस्ता असतो. अत्यंत स्वस्त या अर्थी इंग्रज 'डर्ट चीप' म्हणतो, आणि आपण मातीमोल म्हणतो. येथे दोन्ही भाषांचे मन कसे जुळले पाहा. डोळ्यांत धूळ फेकणे आणि चिखलफेक करणे हेही दोन्हीकडे आहेत, आणि तेथे इंग्रजीत अनुक्रमे डस्ट व मड हेच शब्द येतात, डर्ट नव्हे.

'फिल्थ' म्हणजे किळस आणणारी घाण. वॉर्मपासून वॉर्म्थ, तसे फाउलपासून फिल्थ. कुजणे, दुर्गंध यांची आठवण त्यात आहे. टेबलावर बसलेल्या धुळीला फिल्थ म्हणणे अतिशयोक्तीचे, तुंबलेल्या गटाराला म्हणणे रास्त. 'ग्राइम' हा आपल्या मळाच्या अगदी जवळचा : वस्तूच्या पृष्ठभागात मुरलेला, घासल्यावाचून न निघणारा. यंत्रशाळेतील कामगाराच्या हातावर असतो तो ग्राइम. 'मक' म्हणजे शेणखत वा ओला उकिरडा. बन्यनच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' या ग्रंथाच्या 1684 सालच्या दुसऱ्या भागात उकिरडा उपसणारा एक मनुष्य आहे. डोक्यावर धरलेल्या मुकुटाकडे त्याची दृष्टी जात नाही. त्यावरून अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी 1906 साली केवळ लोकांची कुलंगडी उकरणाऱ्या पत्रकारांवर टीका केली आणि 'मकरेकर' हे नाव रूढ झाले. पुढे पत्रकारांनी तेच नाव अभिमानाने मिरविले.

माणसाविषयी लिहिताना निवड अधिक जपून करावी लागते. भातलावणी करून आलेल्या बाईचे पाय 'डर्टी' होते असे लिहिले तर वाचकास ती अस्वच्छ वाटेल. 'मडी' लिहिले तर ती शेतातून आली एवढेच कळेल. गवंड्याचा सदरा 'डस्टी', लोहाराचे हात 'ग्राइमी'. 'डर्टी' हे विशेषण मनालाही लागते : डर्टी ट्रिक म्हणजे नीच खोडी. म्हणून कष्टाच्या खुणांना ते लावण्याचे आम्ही आमच्या वर्गात टाळतो.

आता उरले 'डस्ट' हे क्रियापद. टेबल डस्ट करणे म्हणजे त्यावरील धूळ झटकणे. केक साखरेने डस्ट करणे म्हणजे त्यावर पिठीसाखर भुरभुरविणे. एकात काढावयाचे, एकात घालावयाचे. दोहोंपैकी कोणते, हे पुढे येणाऱ्या शब्दावरून ओळखावे लागते, आणि परीक्षक नेमके तेच वाक्य निवडतात.