हवेची उशी

गेली अकरा वर्षं मी एका छोट्या मासिकात घरी पाहिलेल्या सिनेमांवर आणि मालिकांवर लिहिते आहे. मुंबईत १९६८पासून 'प्रभात चित्र मंडळ' आहे, पुण्यात फिल्म अर्काइव्ह आहे. तिथे सिनेमा संपल्यावर बाहेर चहा पिताना कुणीतरी जाणता माणूस भेटतो, दोन गोष्टी सांगून जातो. आमच्या सांगलीत परदेशी सिनेमा थिएटरला क्वचित येतो, तोही मारधाडीचा. त्यामुळे आधी भाड्याच्या डीव्हीडी आणि आता ओटीटी, असं सगळं घरातच बघून झालं आणि चुकत चुकत शिकणं झालं. त्यातलं थोडं इथे लिहिते.

१. पहिली पाच मिनिटं फोन हातात नको

यासुजिरो ओझूंचा 'टोकियो स्टोरी' (१९५३) मी पहिल्यांदा पाहिला तो एका रविवारी दुपारी, जेवणं आवरून. एक म्हातारं जोडपं सामान बांधतंय एवढं दिसलं आणि तेवढ्यात फॅमिली ग्रुपवर कुणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो आले. ते बघून होईस्तोवर जोडपं टोकियोत मुलाकडे पोचलंही होतं. पुढचे दोन तास मी मन लावून पाहिले. लेखात लिहिलं की मांडणी सुंदर आहे, पण शेवट मध्येच सोडून दिल्यासारखा वाटतो. लेख तसाच छापून आला.

दोन वर्षांनी तोच सिनेमा आईबरोबर पाहिला. आईला इंग्रजी अक्षरं भरभर वाचता येत नाहीत, म्हणून सबटायटल मी तिला मराठीत सांगत जाते. सांगायचं म्हटलं की पडद्यावरून नजर हलवता येत नाही. तेव्हा कुठे मला सुरुवात दिसली. ओनोमिची नावाच्या गावात शुकिची आणि तोमी प्रवासाची तयारी करताहेत. कॅमेरा अगदी खाली, पाटावर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर. हवेची उशी सापडत नाही. ती तुझ्याकडे असेल, छे, तुमच्याकडेच दिली होती, असं दोघांचं चाललेलं असतं. मध्येच शेजारीण खिडकीशी थांबून दोन शब्द बोलून जाते. आणि उशी शेवटी त्याच्याच सामानात निघते. आई खुदकन हसली. "अगं, तुझे बाबा चष्म्यासाठी असंच करायचे."

सिनेमाच्या शेवटी तीच शेजारीण त्याच खिडकीशी येते. आत शुकिची एकटा बसलेला असतो. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आता उशी कुठंय म्हणून विचारणार कुणाला?"

तो शेवट पहिल्या दृश्याला घट्ट बांधलेला होता आणि गाठीचं दुसरं टोक मी पाहिलंच नव्हतं. तेव्हापासून सिनेमा लावताना माझा फोन स्वयंपाकघरात असतो. सुरुवात हुकली तर सिनेमा पहिल्यापासून लावते, नाहीतर त्यावर लिहीत नाही.

२. सबटायटल वाचलं म्हणजे संवाद ऐकला असं होत नाही

'पॅरासाइट' (२०१९) पाहताना 'रामडॉन' हा शब्द वाचून मी तो कोरियन पदार्थ समजले होते. असा पदार्थच नाही. कोरियात त्याला 'चापागुरी' म्हणतात. दोन वेगवेगळ्या इन्स्टंट नूडल्सची स्वस्तातली पाकिटं एकत्र करून ते करतात. इंग्रजी सबटायटल करणाऱ्या डार्सी पॅकेट यांनी रामेन आणि उदोन हे बाहेरच्यांना माहीत असलेले शब्द जोडून नवा शब्द केला. श्रीमंत बाई त्या नूडल्समध्ये महागडं बीफ घालायला सांगते. सगळा सिनेमा त्या एका वाडग्यात आहे, पण पाकिटं स्वस्तातली आहेत हे ठाऊक असेल तरच. सोल नॅशनल युनिव्हर्सिटीच्या जागीही त्यांनी ऑक्सफर्ड घातलं. भाषांतर म्हणून मला दोन्ही निर्णय पटतात, कारण क्षणभरात वाचून पुढे जायचं असतं. पण समीक्षा लिहिणाऱ्याने तिथे थांबून शोध घ्यायला हवा.

इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. कोरियनमध्ये समोरच्याचा मान वाक्याच्या शेवटात ऐकू येतो. मी आईला सांगताना दर वाक्याला ठरवावं लागतं की इथे तू म्हणायचं की तुम्ही. ते ठरवण्यासाठी मी माणसांच्या माना, हात, बसण्याची जागा बघायला लागले. त्याचा माझ्या लिहिण्याला जेवढा उपयोग झाला तेवढा कुठल्याही पुस्तकाचा झाला नसेल. डब केलेलं मात्र शक्यतो बघत नाही. नटाचा आवाज काढून घेतला तर अभिनयावर लिहिणार काय?

३. मत देण्याआधी टीव्हीचं सेटिंग बघा

नवा टीव्ही आणला तेव्हा जुने सिनेमेसुद्धा मालिकेसारखे गुळगुळीत दिसायला लागले. माझा समज झाला की प्रिंट खराब आहेत. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो आणि हे टीव्ही मधल्या चौकटी स्वतः तयार करून भरतात. डिसेंबर २०१८मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॅरी यांनी खास व्हिडिओ करून हे सेटिंग बंद करा असं लोकांना सांगितलं होतं. प्रत्येक कंपनीत त्याचं नाव निराळं असतं, पण 'मोशन' हा शब्द बहुधा सापडतो. तो शोधा आणि ते बंद करा.

झूमचंही तेच. पोलंडचा 'इडा' (२०१३) जुन्या सिनेमांसारख्या चौकोनी चौकटीत आहे, त्यामुळे टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. आमच्या एका नातेवाइकांना पट्टे खपत नाहीत. त्यांनी रिमोट घेऊन चित्र ताणून घेतलं आणि इडाची हनुवटीच गेली. दिग्दर्शक पावलिकोव्स्कींनी चेहरे मुद्दाम चौकटीच्या तळाशी ठेवले आहेत आणि वर मोकळी भिंत, मोकळं आभाळ सोडलं आहे. त्या मोकळ्या जागेखाली दबलेली ती मुलगी, हाच तर सिनेमा. झूम केला की तो गेला.

'गेम ऑफ थ्रोन्स'चा २०१९मधला रात्रीच्या लढाईचा भाग मी ट्यूबलाइट लावून पाहिला आणि अंधारात काही दिसत नाही अशी तक्रार लिहिली. तशी तक्रार जगभर झाली, हे खरं. पण मी दिवा मालवून तो पुन्हा पाहिला तेव्हा निम्मी तक्रार उरली. निम्मी उरली, हेही लिहायला हवं होतं.

४. मालिका रात्रभर बघून संपवू नका

किएशलोव्स्कींची 'डेकालॉग' पोलंडच्या टीव्हीसाठी केलेली, सुमारे तासाभराचे दहा भाग, सगळे वॉर्सातल्या एकाच वसाहतीत घडणारे. पहिल्या भागातला बाप संगणकावर हिशेब करून तळ्यावरचा बर्फ किती वजन पेलेल ते काढतो. त्यानंतर जे होतं ते पाहून दहा सेकंदांत दुसरा भाग लावला, याची मला आजही खंत वाटते. त्या रात्री मी चार भाग पाहिले आणि सकाळी माणसांची नावंही एकमेकांत मिसळली होती. पुढे रोज संध्याकाळी एक, असे दहा दिवस पाहिले. तेव्हा लक्षात आलं की एका भागातला डॉक्टर दुसऱ्या भागात लिफ्टमध्ये भेटतो आणि एक अबोल माणूस बहुतेक भागांत कुठेतरी उभा राहून नुसता बघत असतो.

याच्या उलट, पहिल्या भागावरून निकालही देऊ नये. बाल्टिमोर शहरावरची 'द वायर' ६० भागांची आहे. पोलीस आणि गर्दविक्रेते जरा ओळखीचे होतात तोवर दुसऱ्या सीझनला कथा बंदरावरच्या कामगारांकडे जाते. पहिला सीझन पुरता पाहिल्याशिवाय मी अवाक्षर लिहीत नाही.

५. लोकप्रिय सिनेमासाठी वेगळी वही ठेवू नका

परदेशी सिनेमाला दोन पानं आणि गर्दीच्या सिनेमाला चार ओळी, असा माझाही काळ होता. तो 'दृश्यम'ने संपवला. भाच्याकडे बारा जणांत, जाहिरातींसकट, निशिकांत कामतांचा हिंदी 'दृश्यम' (२०१५) पाहिला. धाकट्या मुलीची चौकशी सुरू झाली तेव्हा हातातलं जेवणाचं ताट कुणी हलवेना. ही पकड येते कुठून, ते शोधायला मी जीतू जोसेफ यांचा मूळ मल्याळम (२०१३) पाहिला, मग पुन्हा हिंदी. मोहनलालचा जॉर्जकुट्टी इडुक्कीच्या डोंगरातला, अजय देवगणचा विजय गोव्यातला. दोघंही कमी शिकलेले केबलवाले, रात्र रात्र ऑफिसात बसून सिनेमे पाहणारे. त्यातून त्यांना एक गोष्ट कळलेली असते: एखादी गोष्ट पाहिल्याचं माणसाच्या डोक्यात नीट बसलं की ती कधी पाहिली, हे तो विसरतो. पहिला तासभर घरातला हट्ट, काटकसर, गावातल्या ओळखी दाखवल्यात, कारण पुढे सगळा गाव साक्षीला उभा राहायचा असतो. एवढी कारागिरी मी जपानी सिनेमात पाहिली असती तर तिच्यावर दोन पानं लिहिली असती.

६. नावं नीट लिहा, शेवट फोडू नका

यावर अधिक काही लिहायचं नाही. उच्चार ऐकून घ्यायचा, मगच लिहायचं.

७. सोबत बघणाऱ्याचं ऐका

'टोकियो स्टोरी'त शिगे नावाची मुलगी आहे, ब्युटी पार्लर चालवणारी. नवऱ्याने तिच्या आई-वडिलांसाठी चांगला केक आणला तर एवढा महाग कशाला म्हणते. आई गेल्यावर लगेच तिचे कपडे आठवण म्हणून मागते. विधवा सून नोरिको मात्र रजा काढून सासू-सासऱ्यांना शहर दाखवते, शेजारणीकडून साके मागून आणून सासऱ्यांना देते. पहिल्या लेखात मी शिगेला स्वार्थी म्हणून मोकळी झाले होते. आईला ते पटलं नाही. "तिचं दुकान आहे गं. दुकान बंद ठेवलं तर खाणार काय? आणि आई गेल्यावर ती रडली की नाही, हमसून? ते नाही का दिसलं तुला?"

मी त्या सिनेमावर दुसरा लेख लिहिला. आधीचा चुकला होता हे सरळ सांगितलं आणि आईचं म्हणणं तिच्याच शब्दांत घातलं. त्यावर एका बाईंचं पत्र आलं. त्यांचंही पार्लर होतं. ऐन लग्नसराईत आई-वडील राहायला आले आणि आठ दिवसांत त्यांना गणपतीच्या देवळातसुद्धा नेता आलं नाही. आता दोघंही नाहीत. हा सिनेमा कुठे बघायला मिळेल, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

कुठे मिळेल ते कळवलं, आणि खाली लिहिलं की पहिली पाच मिनिटं चुकवू नका.